ट्रेलरमधला हीटर आणि भिंतीतला थर्माकोल

अमेरिकेत उन्हाळा तोंडावर आला की अंगणात वर्षभर उभे असलेले कॅम्पर ट्रेलर बाहेर निघतात. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचे हे चाकांवरचे छोटे घर. दोन-चार जणांच्या झोपण्याची सोय, कोपऱ्यात शेगडी, ओट्याखाली फ्रीज, बाकाखाली हीटर. यातले बरेचसे चालते ते पुढच्या दांड्यावर बसवलेल्या प्रोपेनच्या सिलिंडरवर. तीस-चाळीस वर्षांचा जुना ट्रेलर स्वस्तात घ्यायचा, आतले कुजलेले लाकूड काढून टाकायचे आणि सगळे स्वतःच्या हाताने नव्याने बसवायचे, हा तिथे अनेकांचा छंद आहे. सुट्टीत यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियनला अशा चाकांवरच्या घरातून जाणारी मराठी कुटुंबेही आता नवलाची राहिलेली नाहीत. इकडे महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि मिनीबसचे फिरते घर करून देणाऱ्यांचा व्यवसाय हळूहळू रुजू लागला.

जुन्या ट्रेलरमधला हीटर काढला की त्याच्या मागच्या प्लायवूडवर पुष्कळदा एक तपकिरी डाग दिसतो. मध्यभागी गडद, कडेला फिकट. ओल्याचा डाग समजून त्यावर रंग मारणारे असतात. तो ओल्याचा नसतो. लाकूड तिथे वर्षानुवर्षे, हिवाळ्यामागून हिवाळा, मंदपणे भाजत आलेले असते. सुके लाकूड ठिणगीशिवाय पेटायला साधारण अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढचे तापमान लागते असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ते नव्या लाकडाचे. त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला महिनोन्‌महिने तापत राहिलेले लाकूड आतून बदलत जाते. त्यातले पाणी जाते, मग तंतू विघटित होऊ लागतात आणि शेवटी उरतो कोळशाच्या जवळ जाणारा सच्छिद्र पदार्थ. तो नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेत पेट घेऊ शकतो. म्हणून ‘वीस वर्षे काही झाले नाही’ हा दाखला इथे दिलासा देणारा नाही, उलट काळजी वाढवणारा आहे.

डाग दिसल्यावर साहजिकच विचार येतो तो मध्ये काहीतरी इन्सुलेशन घालण्याचा. दुकानात गेले की पर्यायांची रांग लागते. थर्माकोलच्या पाट्या, पीयू फोम, चंदेरी बुडबुड्यांचे कापड, ग्लासवूल, रॉकवूल, सिरॅमिक वूल, कॅल्शियम सिलिकेट, सिमेंट बोर्ड. प्रत्येकावर कुठला ना कुठला आकडा छापलेला असतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेत इन्सुलेशनवर ‘आर-व्हॅल्यू’ लिहिलेली असते. आकडा जितका मोठा तितका पदार्थ उष्णतेला जास्त अडवतो. पण ही चाचणी साधारण २४ अंश तापमानाच्या आसपास केलेली असते, म्हणजे आपल्या बसायच्या खोलीतल्या हवेची. दीडशे-दोनशे अंशांच्या धातूच्या शेजारी तो पदार्थ कसा वागेल, हे त्या आकड्यात कुठेही नसते. थर्माकोलची आर-व्हॅल्यू चांगलीच आहे. पण तो ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि शंभरच्या आसपास आकसून जातो. वितळून खाली बसल्यावर जागेवर राहते ती पोकळी. चंदेरी बुडबुड्यांचे कापड बघायला अगदी अवकाशयानावरचे वाटते, पण त्यातले बुडबुडे पॉलिथिनचे असतात. दुधाची पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातले. एकशे दहा अंशांच्या आसपास ते वितळते.

दुसरा गोंधळ ‘फायर रेटेड’ या शब्दाचा. अमुक पाटीवर ज्वाला किती वेगाने पसरते याची चाचणी वेगळी, पदार्थ मुळात जळतो की नाही याची वेगळी आणि तो सतत किती तापमान सोसतो याची तिसरीच. पहिल्या चाचणीत उत्तम गुण मिळवलेला फोम दुसरीत सपशेल नापास होऊ शकतो. आगीचा प्रसार मंदावण्यासाठी त्यात रसायने घातलेली असतात, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. पीयू फोम पेटला तर कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड वायूही बाहेर पडतो. दार एकच असलेल्या, आठ-दहा चौरस मीटरच्या बंद डब्यात झोपलेल्या माणसाला ज्वाला पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. डब्यातून फवारायचा केशरी रंगाचा ‘फायर ब्लॉक’ फोमही या फसगतीत सामील आहे. तो घराच्या भिंतीतून जाणाऱ्या वायरी-नळ्यांच्या भोवतीच्या फटी बुजवण्यासाठी आहे. तापलेल्या धुराड्याच्या भोवती तो फवारणे म्हणजे चुलीला सरपण लावून ठेवणे.

मग न जळणारे इन्सुलेशन आणून जाड थर घातला की प्रश्न मिटला? इथे बहुतेकांची समजूत चुकते आणि ती चूक समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

समजा, हीटरचा मागचा पत्रा १५० अंशांना तापतो. त्याला लागून २५ मिलिमीटर रॉकवूल घातले. त्याच्या मागे ट्रेलरची मूळ भिंत आहे आणि तिच्यात ४० मिलिमीटर थर्माकोल आहे. बाहेर १० अंशांची थंडी. उष्णता दोन्ही थरांतून पार होऊन बाहेर जाणार आणि प्रत्येक थर आपापल्या अवरोधाच्या प्रमाणात तापमान खाली आणणार. रॉकवूलचा अवरोध साधारण ०.५ एकक धरला तर थर्माकोलचा १.१ येतो, कारण तो जाडही आहे आणि उष्णतारोधनात सरसही. एकूण उतार १४० अंशांचा. त्यातले रॉकवूलच्या वाट्याला येतात जेमतेम ४४ अंश. म्हणजे रॉकवूल आणि भिंत जिथे भेटतात तिथे, हीटर तासन्‌तास चालू राहिला तर, तापमान होते १०६ अंश. थर्माकोल मऊ पडायला इतके पुरेसे आहे. रॉकवूलची जाडी दुप्पट केली तरी तिथे ८५ अंशांच्या आसपास उरतात. शिवाय बाहेर थंडी दहा अंशांची न राहता पंचवीस अंशांची संध्याकाळ असेल, तर हे आकडे आणखी वर सरकतात.

याचा अर्थ असा की इन्सुलेशन उष्णता नाहीशी करत नाही, फक्त तिची चाल मंद करते. रजई घेऊन झोपलेल्या माणसाच्या अंगावर आणखी एक रजई टाकली तर आतला माणूस गार होत नाही. हीटरच्या मागची भिंत आधीच रजई पांघरून बसलेली आहे. तिच्यात शिरलेली उष्णता बाहेर जाण्याची वाटच नाही.

उत्तर आहे ते हवेच्या फटीत. हीटर आणि भिंत यांच्यामध्ये एक पातळ पत्रा उभा करायचा, भिंतीपासून साधारण एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पुढे, आणि खालची-वरची कड उघडी ठेवायची. पत्रा तापतो, त्याच्या मागची हवा तापून वर निघून जाते, खालून थंड हवा आत येते. भिंतीकडे निघालेली उष्णता वाटेतच उचलली जाते. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत लाकूड जाळणाऱ्या शेगड्यांसाठी हे फार स्पष्टपणे मांडले आहे: प्रमाणित नसलेली शेगडी जळाऊ भिंतीपासून ३६ इंच दूर हवी, पण मध्ये असा हवेशीर पत्रा असेल तर १२ इंच चालतात. दोन फूट अंतराचे काम एक पत्रा आणि एक इंच हवा करते. हा नियम प्रोपेनच्या उपकरणांना जसाच्या तसा लागू होत नाही, पण फटीची ताकद त्यावरून कळते. पत्रा चकचकीत असेल तर अधिक चांगले. तापलेली वस्तू उष्णता किरणांच्या रूपानेही फेकते आणि चकचकीत ॲल्युमिनियम त्यातला मोठा भाग परतवून लावते, स्वतःही फार कमी बाहेर टाकते. मात्र तो फटीकडे तोंड करून हवा; दोन्ही बाजूंनी इन्सुलेशनला चिकटला की चकाकीचा उपयोग संपला, उरतो तो धातू, आणि धातू तर उष्णतेचा वाहकच.

पत्रा ज्या स्क्रूंनी ठोकायचा त्यांचाही विचार करावा लागतो. हीटरच्या अगदी समोर आलेला लोखंडी स्क्रू ही लाकडात थेट उष्णता नेणारी खुंटी ठरते. म्हणून स्क्रू कडेला, आणि मध्ये सिरॅमिकच्या किंवा धातूच्या पोकळ नळीचे तुकडे.

फटीनंतर पदार्थाची निवड सोपी होते. रॉकवूल म्हणजे वितळवलेल्या दगडाचे धागे. ते हजार अंशांपर्यंत वितळत नाहीत, ओलावा फारसा धरत नाहीत आणि कापायला साधी करवतीची सुरी पुरते. धागे एकत्र बांधणारा डिंक मात्र दोनशे-अडीचशे अंशांना जळून जातो. पहिल्यांदा तापवताना उग्र वास येतो तो त्याचाच. ग्लासवूल काचेचे, तेही जळत नाही, पण त्याची सहनशक्ती बरीच कमी, आणि बांधकामासाठी मिळणाऱ्या गुंडाळ्यांना अनेकदा एका बाजूने डांबर लावलेला तपकिरी कागद चिकटवलेला असतो. तो कागद हीटरजवळ अजिबात चालत नाही. कॅल्शियम सिलिकेट घेताना एक काळजी घ्यावी लागते: या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक हलकी, खडूसारखी, भट्ट्यांभोवती वापरली जाणारी, जी खरोखर उष्णता रोखते. दुसरी जड आणि टणक, फॉल्स सीलिंगची पाटी. ती जळत नाही, पण उष्णता मात्र बऱ्यापैकी आरपार जाऊ देते. सिमेंट बोर्डाचेही तेच. न जळणारी भिंत आणि उष्णता अडवणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिमेंट बोर्डामागचे लाकूड भाजते, फक्त डोळ्यांआड भाजते. शिवाय ट्रेलरमध्ये वजनाचा हिशेब किलोकिलोने ठेवावा लागतो.

ट्रेलर घरापेक्षा आणखी एका बाबतीत वेगळा आहे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या माणसाला ते सांगावे लागणार नाही. घराच्या भिंतीत कोंबलेले लोकरीसारखे इन्सुलेशन चाळीस वर्षे जागेवर राहते. ट्रेलरमध्ये ते दोन-चार प्रवासांत खाली सरकते, आणि वरच्या भागात, जिथे गरम हवा जमते नेमक्या तिथेच, भिंत उघडी पडते. हादऱ्यांनी धागे तुटून धूळही सुटते. हीटरचा पंखा ती ओढून थेट पलंगावर फवारतो. त्यामुळे लोकर नुसती भरायची नाही. पातळ पत्र्याच्या किंवा जाड ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात बंद करून, कडा उष्णता सोसणाऱ्या टेपने मिटवून, ते पाकीट घट्ट बसवायचे.

धाग्यांची ही धूळ हा खरे तर या विषयातला आरोग्याचा गाभा आहे. सगळे तंतू सारखे नाहीत. तीन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि पाच मायक्रॉनपेक्षा लांब तंतू फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात. तिथे सफाईचे काम करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असेल तर तो पुरता गिळलाच जात नाही. मग ठरते ते दोन गोष्टींवर: तंतू आडवा तुटतो की उभा चिरतो, आणि शरीरातल्या द्रवात विरघळतो की नाही. काचेचे आणि रॉकवूलचे तंतू आडवे तुटतात, आखूड होतात, हळूहळू विरघळून निघून जातात. ॲस्बेस्टॉस उभे चिरते. एका तंतूचे दहा, दहाचे शंभर, प्रत्येक आधीपेक्षा बारीक, आणि त्याचे काही प्रकार आयुष्यभर जागेवर राहतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे, तर इन्सुलेशनचे ग्लासवूल आणि रॉकवूल तिसऱ्या गटात, म्हणजे कर्करोगकारक ठरवता येत नाही अशांत. त्वचेला येणारी खाज ही मात्र खरी. काचेचे जाडसर धागे टोचतात म्हणून ती येते. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क एवढ्यावर हे काम निभावते.

सिरॅमिक वूल या दोघांच्या मध्ये येते. पांढरेशुभ्र, कापसासारखे मऊ, १२६० अंशांपर्यंत टिकणारे. हौशी मंडळींना त्याची भुरळ पडते, कारण ‘जास्त अंश म्हणजे जास्त चांगले’ असे वाटते. पण पारंपरिक सिरॅमिक वूल त्याच संस्थेच्या यादीत ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात आहे. त्याचे तंतू शरीरात अधिक काळ टिकतात. नऊशे-हजार अंशांवर दीर्घकाळ वापरल्यावर त्यात क्रिस्टोबलाइट हा स्फटिकी सिलिकाही तयार होतो. तो धोका भट्टीतल्या कामगाराचा. ट्रेलरमध्ये असे तापमान ज्योतीच्या लगतच असते, भिंतीजवळ नव्हे. दीडशे अंशांच्या पत्र्यासाठी १२६० अंशांचे सामान आणून झोपायच्या खोलीत त्याची धूळ करणे हा सौदा काही शहाणपणाचा नाही. तसे सामान लागलेच तर शरीरात लवकर विरघळणारे, ‘बायो-सोल्युबल’ म्हणून विकले जाणारे अल्कलाइन अर्थ सिलिकेटचे वूल मिळते. किंमत थोडी अधिक असते.

आणि ॲस्बेस्टॉस? ते कोणी नव्याने बसवणार नाही. पण जुना ट्रेलर उघडणाऱ्याला ते भेटू शकते. गेल्या शतकात हीटर आणि शेगडीच्या मागे करड्या-पांढऱ्या, पुठ्ठ्यासारख्या जाड पाट्या लावण्याची पद्धत होती. त्या पाट्या पुष्कळदा ॲस्बेस्टॉसच्या असत. नुसते बघून ते ओळखता येत नाही. अशी पाटी दिसली तर ती ओरबाडायची नाही, घासायची नाही, तिच्यात भोक पाडायचे नाही. प्रयोगशाळेत तपासून घ्यायची आणि तशी निघाली तर परवानाधारक माणसाकडून काढून घ्यायची. भिंतीत सुटे सोनेरी चकचकीत खडे सापडले तर तेही तसेच सोडावेत. ते व्हर्मिक्युलाइट असते, आणि अमेरिकेत विकले गेलेले बरेचसे मॉन्टाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतले होते. त्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. खाण १९९० मध्ये बंद झाली. गावातल्या आजारांमुळे २००९ मध्ये तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. अमेरिकेने क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसच्या उरलेल्या वापरांवर बंदीचा नियम केला तो थेट मार्च २०२४ मध्ये. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पन्हाळी पत्रे आजही छपरांवर चढतात. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग श्वासातून तंतू गेल्यानंतर बहुधा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो, त्यामुळे पत्रा कापणाऱ्याला त्या दिवशी काहीच जाणवत नाही.

ट्रेलरमधल्या फ्रीजची गोष्ट हीटरपेक्षा गमतीची आहे. हा फ्रीज ज्योतीवर चालतो. थंड होण्यासाठी तापवायचा, असे याचे विचित्र गणित. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रसंस्थेत शिकणाऱ्या बाल्ट्‌झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोघा विद्यार्थ्यांनी तो घडवला. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. ज्योतीने अमोनिया पाण्यातून उकळून वेगळा होतो, मागच्या नळ्यांत गार होऊन द्रव बनतो आणि पुढे बाष्प होताना कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. यंत्रात एकही हलणारा भाग नाही. योगायोग असा की याच मुंटेर्सने पुढे फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे पेटंट घेतले, म्हणजे थर्माकोलच्या सख्ख्या भावाचे. ज्योतीवरचा फ्रीज आणि ज्योतीजवळ न टिकणारा फोम, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर.

या फ्रीजच्या मागे जी मोकळी जागा असते ती रिकामी नसते. ती चिमणी असते. खालच्या जाळीतून हवा आत येते, नळ्यांवरून वर जाते, वरच्या जाळीतून बाहेर पडते. थंडी येते म्हणून ही जागा रॉकवूलने गच्च भरणारे आहेत. मग नळ्या गार होत नाहीत, फ्रीज नीट थंड होत नाही, माणूस ज्योत वाढवतो आणि दोनशे अंशांच्या आसपास चालणारी उकळनळी आणखी तापते. कालांतराने अशा नळीला बारीक तडा गेला तर बाहेर येतो तो अमोनिया आणि हायड्रोजन, शेजारीच पेटत्या ज्योतीजवळ. उकळनळीच्या तड्यांपायी अमेरिकेत लाखो फ्रीज परत मागवण्यात आले आहेत. फ्रीजच्या कुशींना आणि माथ्यावर इन्सुलेशन चालते, नव्हे हवेच; पाठ मात्र उघडी हवी. काही जण उलट त्या पोकळीत पत्र्याचे तिरके पडदे लावून हवेला नळ्यांवरूनच जायला भाग पाडतात. ते बरोबर आहे.

इन्सुलेशनच्या उत्साहात बुजवल्या जाणाऱ्या इतर भोकांचाही विचार करायला हवा. एक किलो प्रोपेन पुरते जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद ट्रेलरमध्ये एकूण हवा असते पंधरा घनमीटरच्या घरात. शेगडीवरचा एक बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे दोन घनमीटर हवा. पिठले-भात होईपर्यंत ठीक. पण थंडी वाजते म्हणून तोच बर्नर रात्रभर ठेवला आणि फटी-जाळ्या आधीच बुजवलेल्या असल्या तर प्राणवायू उतरू लागतो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी. पोट बिघडले असेल, प्रवासाचा शीण असेल, असे समजून माणूस आडवा होतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात वाचायला मिळतात, कारण तेच.

म्हणून अमेरिकेत चाकांवरच्या घरांच्या नियमांत शेगडी सोडून प्रत्येक गॅस उपकरण असे बसवावे लागते, की ज्योतीला लागणारी हवा बाहेरून यावी आणि धूर बाहेरच जावा. झोपायच्या जागेतल्या हवेशी त्याचा संबंध नको. हीटरच्या धुराड्याभोवतीची फट बुजवताना हा पडदा फाटणार नाही हे पाहावे लागते. साधे सिलिकॉन दोनशे अंशांच्या आसपास हार मानते, भट्टीसाठीचे लाल सिलिकॉन तीनशेच्या आसपास. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. जमिनीजवळची छिद्रे त्याला बाहेर पडण्यासाठीच ठेवलेली असतात. पाय गारठतात म्हणून ती बुजवू नयेत. गॅसचा सेन्सर जमिनीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा उशाजवळ. बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळे केले तर निळी ज्योत पिवळी पडते आणि भांडी काळी होतात. इतका साधा प्राणी आख्खे गणित बिघडवू शकतो.

आणखी एक, फारसे न बोलले जाणारे नुकसान पाण्याचे. एक किलो प्रोपेन जळून सव्वा नव्हे, तब्बल १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात सोडतो. शेगडीची ही वाफ सगळी आतच राहते आणि रात्री थंड भिंतीवर उतरते. इन्सुलेशनच्या मागे ती पोहोचली तर तिथले लाकूड कुजते, बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा श्वास त्याची पहिली वर्दी देतो. गरम बाजूला फॉइलचे पाकीट नीट मिटवलेले असले तर हाही प्रश्न बराच आटोक्यात राहतो.

या सगळ्याच्या आधी वाचायची असते ती उपकरणावरची धातूची पट्टी. डाव्या, उजव्या, मागच्या बाजूला आणि वर किती जागा सोडायची ते निर्मात्याने चाचणी करून तिच्यावर कोरलेले असते. काही हीटरना बाजूने शून्य जागा चालते, पण समोर किंवा वर मोठी लागते. ही जागा इन्सुलेशनने भरण्यासाठी नसते. पट्टी गंजून गेली असेल तर उपकरणाच्या क्रमांकावरून माहितीपुस्तिका मिळवता येते. तीही मिळत नसेल तर तो हीटर बदललेला स्वस्त पडतो. मोठ्या हौशी कारागिरांच्या हातूनही या पट्टीवर नवा रंग लागून जातो, याला काय म्हणावे!

काम झाल्यावर तपासायचे कसे? हीटर तासभर पूर्ण जोराने चालवायचा आणि मागच्या लाकडाचे तापमान मोजायचे. खोलीतल्या हवेपेक्षा ते पन्नास अंशांनी वर गेले तर जागा कमी पडते आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक यासाठी सोयीची, पण चकचकीत पत्र्यावर रोखली तर ती सपशेल खोटे सांगते. पत्रा स्वतः फार थोडे किरण सोडतो आणि समोरच्या थंड भिंतीचे प्रतिबिंब दाखवतो. दीडशे अंशांचा पत्रा तिला चाळीसचा वाटू शकतो. त्यावर रंगकामाच्या कागदी टेपचा बोटभर तुकडा चिकटवायचा, पत्रा ऐंशी अंशांपर्यंत असेल तेव्हाच, आणि बंदूक त्या तुकड्यावर रोखायची. जिथे त्याहून जास्त तापण्याचा संभव आहे तिथे टेपऐवजी स्टोव्हच्या काळ्या रंगाचा एक ठिपका आधीच देऊन ठेवायचा. जुन्या लाकडावरचा तपकिरी डाग मात्र मोजमापाच्या आधीच कापून काढायचा आणि तिथे नवा तुकडा बसवायचा.